नेहमीचा गट

८ जानेवारी २००४, गुरुवार

औषध कंपनीच्या माणसानं डॉक्टरांना ही डायरी दिली. त्यांना रंग आवडला नाही म्हणून ती माझ्याकडे आली. बरं झालं. अभ्यासाचे फॉर्म पुण्याला गाइड मॅडमना दाखवावे लागतात, त्यात मनातलं लिहिता येत नाही. इथे कोण बघायला येतंय.

तर अभ्यास. मी ज्योत्स्ना भालेराव, महाळुंगे पडवळची. बत्तिसाव्या वर्षी एम.एस्सी. नर्सिंगच्या मागे लागले आहे आणि आळेफाट्याजवळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात माहिती गोळा करते आहे. प्रश्न एवढाच: लकवा झालेले, खुब्याचं हाड मोडलेले, जे अंथरुणातून उठूच शकत नाहीत, त्यांच्या नातेवाइकांना दर दोन तासांनी कूस बदलायला नीट शिकवलं तर बेडसोर कमी होतात का. तीस पेशंट घ्यायचे. पंधरांच्या माणसांना मी शिकवायचं, तो शिकवलेला गट. बाकी पंधरांना वॉर्डात होतं तेवढंच, तो नेहमीचा गट. कोण कुठे जाणार हे मी ठरवायचं नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तीस चिठ्ठ्या घातल्यात, नातेवाइकानं हात घालून एक काढायची.

मग चौदा दिवस रोज सकाळी पेशंटची पाठ, माकडहाड, टाचा बघायच्या. लाल डाग दिसला तर अंगठ्यानं दाबायचा. दाबल्यावर तो फिकट होतोय तोवर वेळ आहे. फिकट होत नसेल तर आतलं मांस मरायला लागलं. तसं दिसलं की त्याच क्षणी वॉर्डच्या सिस्टरला सांगायचं, उपचार सुरू करायचे, त्या पेशंटपुरता अभ्यास थांबवायचा. ही अट गाइड मॅडमनी माझ्याकडून लाल शाईनं लिहून घेतली आहे.

आजपर्यंत नऊ पेशंट झाले. गट जवळजवळ सारखेच चाललेत, शिकवल्यानं फारसा फरक दिसत नाही. असंच राहिलं तर परीक्षक मला उभी सोलतील.

१२ जानेवारी, सोमवार

आज माझ्या वॉर्डात कोण आलं? औटी मॅडम. द्रौपदा औटी. पुण्याच्या आमच्या नर्सिंग स्कूलच्या ट्यूटर, रिटायर होऊन राजुरीला भावाकडे राहतात. काल सकाळी अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, ग्लानीत आहेत. नाकात नळी, खाट क्रमांक सहा.

आधी मी ओळखलंच नाही. केस पांढरे, तोंड वाकडं, लाळ गळतेय. केसपेपरवर नाव वाचलं तेव्हा कळलं. नंतर जे वाटलं ते खरंखरं लिहिते. आनंद झाला. पोटातून झाला.

बारा वर्षं झाली. १९९२. या बाईनं भर असेंब्लीत माझं नाव घेतलं, सहा महिने मागे टाकलं. आरोप काय तर मी पेशंटची कूस बदलली नाही आणि बदलली म्हणून तक्त्यावर सही केली. मी कूस बदलली होती. तेव्हाही सांगितलं, आजही सांगते.

सोबत त्यांची भावजय आहे, ठकूबाई. जाडजूड, बोलकी बाई. मी चिठ्ठ्यांचा डबा पुढे केला. तिचे हात खोबरेल तेलानं माखले होते म्हणून तिच्यातर्फे मीच चिठ्ठी काढली. नेहमीचा गट निघाला. माझं त्यात काही नाही, डब्यात जे होतं ते आलं.

ठकूबाईनं विचारलं, "मंजी आता आमी काय करायचं, सिस्टर?"

म्हटलं, "काही नाही. वॉर्डातले लोक करतील ते करू द्या."

१३ जानेवारी, मंगळवार

झोप लागली नाही नीट. सारखं ते निंबाचं पान आठवत राहिलं.

औटी मॅडमची ही एक पद्धत होती, दुसऱ्या कुठल्या नर्सिंग स्कूलमध्ये मी ती ऐकली नाही. कूस बदलली की पेशंट कलंडू नये म्हणून पाठीमागे उशी लावतात. ड्यूटी सुरू होताना मॅडम वॉर्डात एक फेरी मारायच्या आणि कुठल्या तरी दोन-तीन खाटांवर त्या उशीमागे कडुनिंबाचं हिरवं पान सरकवून ठेवायच्या. कुठल्या खाटा ते कुणाला माहीत नसायचं. कूस बदलायची तर उशी काढावीच लागते, उशी काढली की पान सापडतं. ते ड्यूटी संपताना मॅडमच्या हातात नेऊन द्यायचं. त्या एक शब्द बोलायच्या नाहीत, वहीत तुमच्या नावापुढे बरोबरची खूण करायच्या. पान तुम्ही दिलं नाही आणि त्यांना उशीमागे मिळालं, तर मेलात.

खाट सतराचं पान त्यांना मिळालं. पेशंट गेणभाऊ म्हणून एक म्हातारा होता, खुब्याचं हाड मोडलेला. माझ्या दोन, चार आणि सहाच्या सह्या तक्त्यावर होत्या. पान माझ्या उशीतून पडलं असेल, कुणी परत ठेवलं असेल, काहीही झालं असेल. एकीनं तरी विचारायचं होतं. कुणी विचारलं नाही.

खाट सहा: पाठ, माकडहाड, टाचा चांगल्या.

१५ जानेवारी, गुरुवार

माकडहाडावर लाल डाग, रुपयाएवढा. दाबला, फिकट झाला. तसं लिहिलं.

वॉर्डात दोन सिस्टर आणि छत्तीस पेशंट. सकाळी अंग पुसताना एकदा आणि संध्याकाळी चादर बदलताना एकदा कूस बदलतात. त्या बिचाऱ्यांचा दोष नाही. पलीकडे खाट सातवर ओतूरची एक म्हातारी आहे, तिच्या सुनेची चिठ्ठी शिकवायची निघाली. तिला मी गुडघा कसा मुडपायचा, खांदा आणि कंबर एकदम कशी धरायची, चादर ओढायची नाही तर उचलायची, सगळं दोनदा करून दाखवलं. ठकूबाई मान लांब करून बघत होती, म्हणून मी मध्ये पडदा लावला. अभ्यासात तसंच लिहिलंय. एका गटाचं दुसऱ्याला कळता कामा नये.

आज संक्रांत. ठकूबाईनं सगळ्या वॉर्डाला तिळगूळ वाटला. मलाही दिला, वर म्हणाली, "आमच्या वन्संनी लई पोरींना तुमच्यावानी शिकिवलं बरं का. घरी पोरी यायच्या पाया पडायला." मी तिळगूळ तोंडात टाकला आणि पुढे गेले.

पाया पडायला. माझा बाप त्यांच्या ऑफिसच्या दारात दीड तास उभा होता. आबांचं नाव भिमाजी भालेराव, पण त्या दिवशी नाव कुणी विचारलं नाही. घरच्या भुईमुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन गावाहून एस.टी.नं आलेला माणूस. माझ्याबरोबर माझ्याच बॅचच्या आरतीचंही पान मॅडमना सापडलं होतं. तिचे वडील आत खुर्चीवर बसून चहा पीत होते, चांगले बागायतदार माणूस. आबांना मॅडम दारातच म्हणाल्या, "तुम्हा लोकांना प्रवेश मिळाला की झालं. पुढे काम करायला नको असतं." मी व्हरांड्यात होते. शब्द न् शब्द ऐकलाय.

आरतीला ओरडा बसला, मला सहा महिने. आरतीच्या पेशंटला जखम झाली नव्हती, माझ्या झाली, असं त्यांचं म्हणणं. झाली असती तरी तिला चहाच मिळाला असता.

१७ जानेवारी, शनिवार

डाग वाढलाय, जांभळट झालाय. दाबला. पुन्हा दाबला.

फॉर्मवर लिहिलं: दाबल्यावर फिकट होतो.

होतोच म्हणा थोडासा. उजेड कमी होता.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी पाठी बघितल्या (सहा: कालच्यासारखंच, तसंच लिहिलं) आणि घरी गेले. कळंबला उतरून पुढे टमटम. प्रबुद्ध, माझा धाकटा भाऊ, कळंबला मोटारी रिवाइंड करतो, तोही जेवायला आला होता. त्याला सांगितलं कोण आलंय माझ्या वॉर्डात.

त्यानं हातातला घास खाली ठेवला. "ताई, ती बाई? आन् तुज्या हाताखाली?"

"हाताखाली नाही. अभ्यासात आहे."

"काय असंल ते असू दे. आबा त्या दिवशी परत आले तवा शेंगांची पिशवी तशीच व्हती. दोन दिस कुणाला हात लावू दिला न्हाई त्यांनी तिला. सोडू नको."

मी म्हटलं, मी काहीच करत नाहीये. हे खरंच आहे. काहीच करत नाहीये.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांला जायचंच नव्हतं पुण्याला. म्हनले, पोरीचं चुकलं असंल तर मी कशाला तोंड दाखवू. मग तुला इचारलं, तू सांगितलंस, तवा पटका बांदला." एवढं बोलून ती चुलीकडे वळली. मला अजून एक भाकरी वाढत होती, मी नको म्हटलं.

आबांना जाऊन पाच वर्षं झाली.

१९ जानेवारी, सोमवार

खाट सहाची म्हातारी शुद्धीवर आली आहे. डोळे टक्क उघडे, सगळीकडे फिरतात. मला ओळखलं की नाही कळत नाही.

ठकूबाईनं आज पडदाच सारला. "सिस्टर, ह्या ओतूरच्या सूनबाईला शिकिवलं तसं आमाला बी शिकवा की. आमी काय पाप केलंय?"

"तुमची चिठ्ठी वेगळी निघाली, ठकूबाई."

"चिठ्ठीनं कुठं दुखनं बरं व्हतंय का? आन् माजी चिठ्ठी मी काढलीच न्हाई, तुमीच काढली."

मला राग आला. म्हटलं, नियम आहेत, पुण्याहून आलेले नियम आहेत. ती नणंदेच्या तोंडाची लाळ पुसत बसली.

इथे लिहून टाकते, नाहीतर डोक्यात फिरत राहील. पहिली चिठ्ठी शिकवायची निघाली होती. मी ती आत टाकली आणि दुसरी काढली. दुसरीही शिकवायची. तिसरी नेहमीची निघाली. झालं, लिहिलं. कुणाचा खून केलेला नाही. निम्मे पेशंट नेहमीच्या गटात जायचेच होते, त्यातली एक ही. कुणाची तरी म्हातारी तिथे गेलीच असती.

सहाची नोंद: माकडहाडावर डाग, फिकट होतो. पेशंट अस्वस्थ आहे. डाव्या हातानं खाटेची लोखंडी दांडी आपटते. दहाला, बाराला, दोनला, चारला. डॉक्टरांना सांगून झोपेचं औषध द्यावं का?

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी नऊ. कातडी फुटली. माकडहाडावर उघडी जखम, दीड इंच, कडा काळ्या. जखमेचा दर्जा चारांपैकी दोन, कदाचित तीन होईल.

बारा वर्षं मी ज्याची वाट बघितली ते माझ्यासमोर होतं. तिच्याच विषयात तिच्याच पाठीवर. पण वाटलं तसं वाटलं नाही. वास आला. तो वास मी ओळखते, त्यातच इतकी वर्षं नोकरी केली आहे. तरी मनात म्हटलं, आता कळेल. सिस्टरला सांगायचं होतं. म्हटलं, दुपारनंतर सांगू.

आणि मग मी एक गोष्ट केली. दवाखान्याच्या मागे कडुनिंब आहे. एक पान तोडून आणलं. ठकूबाई चहाला गेली होती. मी औटी मॅडमच्या डोळ्यांसमोर ते पान धरलं, चांगलं दाखवलं, आणि त्यांच्या पाठीमागच्या उशीत सरकवलं. म्हटलं, "मॅडम, मी भालेराव. खाट सतरा. संध्याकाळी बघायला येते."

त्यांनी ओळखलं. डोळ्यांत दिसलं. मला हेच हवं होतं. दिवसभर पडून राहायचं, पाठीत ते पान आहे हे माहीत असायचं, आणि तोंडातून शब्द काढता यायचा नाही. दिवसभर मी दुसऱ्या वॉर्डात काम केलं.

संध्याकाळी साडेसहा. परत गेले. मॅडम डाव्या कुशीवर होत्या. मी सकाळी उजव्या कुशीवर सोडून गेले होते. उशीत हात घातला. पान नव्हतं.

मग त्यांनी डावा हात छातीखालून ओढून काढला, कष्टानं, आणि मूठ उघडली. पान हातात होतं. चुरगळलेलं, घामानं ओलं. माझ्याकडे धरलं.

ठकूबाई शेजारच्या स्टुलावरून बोलली. "काय खूळ लागलंय वन्संना देव जानं. कालपास्नं हात आपटत्यात दांडीवर. आदी मला वाटलं पानी पायजे. मग घड्याळाकडं बोट, मग कमरेकडं बोट. लई उशिरा डोक्यात आलं माज्या, कूस बदल म्हनत्यात. बदलली की गप. दोन तास झालं की पुना दांडी. आज दहा वाजता उशी काढली तर ह्यो पाला. मी टाकून देत व्हते, तर हिसकून घेतला माज्या हातनं. दिवसभर मुठीत धरलाय. नळीतनं पेज घालताना सुदा सोडला न्हाई."

मी पान घेतलं. घेण्याशिवाय काय करणार. वॉर्डच्या सिस्टरला जखमेचं सांगितलं, ड्रेसिंग सुरू झालं. डॉक्टर म्हणाले आधीच कसं दिसलं नाही. मी म्हटलं, काल फिकट होत होता.

२१ जानेवारी, बुधवार

पान टेबलावर आहे. फेकलं नाही.

वाचा गेलेल्या बाईनं अडाणी भावजयीला दोन दिवसांत शिकवलं. मी अभ्यासासाठी एका सुनेला तासभर शिकवते आणि तरी तिला तिसऱ्या दिवशी पुन्हा सांगावं लागतं. आणि ते पान तिनं दिलं कसं, हेच डोळ्यांसमोरून जात नाही. वर धरून नाही, चिडून नाही. ड्यूटी संपल्यावर आम्ही पोरी द्यायचो तसं दिलं. ती मला तपासणीला पान देत होती. बरोबरची खूण कोण करणार होतं, मी?

आज लिहिते. खाट सतराची कूस मी दोनला बदलली. चारला बदलली नाही. सहालाही नाही. मी आणि आरती लिनन रूममध्ये चादरींच्या ढिगावर बसून भेळ खात होतो. तिच्या वडिलांनी कागदात बांधून आणली होती. चार वाजून गेले ते कळलं होतं. आरती म्हणाली, जाऊ नंतर. सहाला उठलो तेव्हा मॅडम फेरीला निघाल्याचं कळलं आणि मी पळत जाऊन दोन सह्या एकदम केल्या. दोनला पान नव्हतं, ते मॅडमनी दोननंतर ठेवलं असणार. म्हणून माझी एकही सही खरी ठरली नाही.

माझ्याच प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात आहे, हाडावरचं मांस मरायला दोन तास पुरतात. मी चार घातले. गेणभाऊला जखम झाली, ती भरली नाही, ताप चढला, आणि पाच आठवड्यांनी तो गेला. तो मेल्याचं मला आरतीनंच सांगितलं. मी तेव्हा म्हटलं होतं, म्हातारा होता.

आणि आबा. त्यांनी मला विचारलं होतं, "तू कूस बदलली व्हती ना?" मी हो म्हटलं. पटका बांधून ते माझ्या त्या एका होकारावर पुण्याला गेले आणि दारात उभे राहिले. मॅडम दारात जे म्हणाल्या ते माझ्याबद्दल खरं होतं आणि आमच्या लोकांबद्दल खोटं होतं, आणि दोन्ही त्यांनी एकाच वाक्यात कोंबलं. मी बारा वर्षं त्यातलं दुसरं घेऊन फिरले. पहिलं तिथेच टाकून आले.

तिनं माझ्या बापाला खुर्ची दिली नाही हे यानं कमी होत नाही. होत नाही म्हणजे नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

खाट सहाचा फॉर्म काढला. १७, १८ आणि १९ तारखेच्या नोंदींवर एक रेघ मारली, वर लिहिलं "फिकट होत नव्हता", बाजूला आजची तारीख आणि सही. चिठ्ठीचंही लिहिलं. मग फाट्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून गाइड मॅडमना फोन केला. त्यांचं पहिलं वाक्य, "हे कशासाठी सांगतेस मला?" मीटर फिरत होता.

मग म्हणाल्या, "एक फॉर्म खोटा निघाला तर बाकीचे मी खरे कसे मानू? सगळे रद्द. नव्यानं तीस पेशंट. या परीक्षेला तुला बसता येणार नाही, सहा महिन्यांनी पुढच्या परीक्षेला बस. आणि त्या पेशंटच्या घरच्यांना तू स्वतः सांगायचंस."

सहा महिने. बूथवाल्यानं सुटे पैसे दिले ते मी घेतलेच नाहीत, तो मागून हाका मारत आला.

हे फॉर्म तसेच राहिले असते तर निकाल छान आला असता. नेहमीच्या गटातली दर्जा दोनची एक ठसठशीत जखम. परीक्षकांनी मान डोलावली असती.

२४ जानेवारी, शनिवार

ठकूबाईला सांगितलं. सगळं नाही जमलं. डाग सतरा तारखेलाच कळला होता, मी लपवला, चिठ्ठीही मी बदलली, एवढं सांगितलं. वन्संचं आणि माझं जुनं आहे हेही.

तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुमाला पोरं हायेत का?"

"नाही."

"बरं हाय." उठली आणि बादली घेऊन पाणी आणायला गेली. त्यानंतर दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही.

प्रबुद्धला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे जितली तीच." मी म्हटलं, यात जिंकायचं काही नव्हतं. तो म्हणाला, "मग आबा कशापायी उभे राहिले?" त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे फोनवरचं एक मिनिट उरलं होतं. मी ते खर्चलं आणि तरी सांगू शकले नाही. रविवारी जाऊन तोंडावर सांगावं लागेल. आईलाही.

३१ जानेवारी, शनिवार

रोज ड्रेसिंग मीच करते. कुणी सांगितलं नाही, कुणी अडवलंही नाही. ठकूबाई कूस धरते. मी चुकीच्या जागी हात लावला तर मॅडम दांडी आपटतात. काल मी सलाइननं जखम धुताना कडेपासून आत आले, तर तीनदा आपटली. आतून कडेकडे धुवायचं असतं. इतक्या वर्षांची सिस्टर मी, आणि चुकले.

जखम दोन इंच झाली आहे. तळाशी पिवळं आहे. ताप शंभरच्या आसपास. गेणभाऊला पाच आठवडे लागले होते. मी तारखा मोजते आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

ताप उतरला. पिवळं कमी झालं, कडेला गुलाबी दिसतंय. ठकूबाईला दाखवलं. तिनं वाकून बघितलं आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोलली, "मासाचा रंग आला म्हना की."

७ फेब्रुवारी, शनिवार

आज औटी मॅडमना घरी सोडलं. जखम भरायला दोन-तीन महिने जातील, ठकूबाई राजुरीला ड्रेसिंग करेल, मी दर रविवारी जाऊन बघणार आहे. हौशीराम, म्हणजे मॅडमचे भाऊ, जीप आणायला गेले होते आणि ठकूबाई बिल करायला. आम्ही दोघीच होतो. दुपारची दोनची वेळ.

म्हटलं, आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही.

"मॅडम, गेणभाऊची कूस मी बदलली नव्हती. सह्या खोट्या होत्या. आबांनासुद्धा मी खोटंच सांगितलं होतं."

त्यांना हे बारा वर्षांपूर्वीच माहीत होतं, त्यात नवीन काय.

"पण माझा बाप तुमच्या दारात दीड तास उभा होता. आरतीचे वडील आत बसले होते. आणि तुम्ही जे बोललात ते माझ्या सहीबद्दल नव्हतं, आमच्या जातीबद्दल होतं. तुमच्या पाठीची जखम माझी आहे, ती मी भरून काढीन. पण ते मी माफ केलेलं नाही. करणारही नाही."

माझा आवाज चढला असणार, कारण ओतूरच्या सूनबाईनं पडद्याआडून डोकं काढलं.

मॅडमनी डावा हात उचलला. मला वाटलं दांडी आपटणार. पण हात खाटेच्या बाहेर लोंबत खाली गेला आणि ठकूबाईच्या लोखंडी स्टुलावर पडला. ते त्यांनी बोटांनी ओढलं, फरशीवर कर्रकन आवाज आला, वीतभर माझ्याकडे सरकवलं. मग त्याच्यावर हात दोनदा ठोकला. खाली बस म्हणून.

तोंड वाकडंच होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण लकवा झालेल्यांच्या डोळ्यांतून तसं येतंच, त्यावरून काही ठरवता येत नाही.

मी बसले नाही. ते स्टूल माझं नव्हतं, आबांचं होतं, आणि त्याला बारा वर्षं उशीर झाला होता.

घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. मी उभ्यानंच त्यांचा गुडघा मुडपला, खांदा आणि कंबर धरून त्यांना उजव्या कुशीवर घेतलं, पाठीमागे उशी लावली आणि तक्त्यावर वेळ लिहून सही केली.